माशासाठी नाही, ते चित्रपटासाठी का?

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आम्ही चौघांनी दहा मिनिटांचा एक लघुपट तयार केला. विषय मी सुचवला होता : खडपावरून गळाने मासे गरवणारा माणूस. हा माणूस म्हणजे माझे वडील. आमचे गाव देवगड तालुक्यात, अगदी दर्याला लागून आहे. बाबा हंगामात दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातात आणि काम नसेल त्या दिवशी गरवायला कड्याखाली उतरतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. ज्या कष्टांवर माझी फी भरली गेली, ते कष्ट एकदा पडद्यावर यावेत, एवढीच माझी इच्छा होती.

तयारी म्हणून आमच्या प्राध्यापकांनी आम्हांला रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा १९३४ सालचा ‘मॅन ऑफ ॲरन’ हा अनुबोधपट दाखवला. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या ॲरन बेटांवर तो चित्रित झाला आहे. जिकडेतिकडे चुनखडीचा उघडा खडक. तिथली माणसे खडकावर वाळू आणि समुद्रातले शेवाळ पसरून शेतापुरती माती तयार करतात आणि तिच्यात बटाटे लावतात. एक मुलगा उंच कड्याच्या टोकावर बसून खाली समुद्रात गळ सोडतो. तो प्रसंग पाहताना मला वाटले, हा तर आमच्याच वाडीतला मुलगा! शेवटी वादळात सापडलेली होडी किनाऱ्याला येते, तेव्हा कड्यावर फुटणाऱ्या लाटा पाहून श्वास रोखला जातो. आम्ही त्या लाटांवरच भुललो. आपल्या चित्रपटातही अशी एक लाट हवी, असे चौघांनी ठरवून टाकले.

गणपती नुकतेच होऊन गेले होते. दर्या अजून पुरता बसला नव्हता. आमचा कॅमेरा म्हणजे एका मित्राचा मोबाइल. पहिल्या दिवशी फारसे काही घडलेच नाही. बाबा वरच्या कातळावर अर्धा तास नुसते उभे राहिले. लाट कुठवर येते, कोणता खडक ओला होतो, हे ते पाहत होते. ओहोटी लागल्यावर खाली उतरले, गळाला कोळंबी लावली, शिसे बांधलेली तंगुसाची दोरी फेकली आणि पुन्हा वाट पाहू लागले. गोबरा आमिष घेतो तो थेट कपारीत शिरतो आणि दोरी खडकाला घासून तुटते. म्हणून बोटाला धक्का जाणवताच ओढावे लागते. पण धक्का जाणवायला तर हवा! तीन तासांत दोन लहान मासे मिळाले. वारा मोबाइलमध्ये घोंघावत होता, भिंगावर खारे पाणी बसत होते. “यात बघण्यासारखे काय आहे?” असे आमच्यातला एकजण म्हणाला. मला त्याचा राग यायला हवा होता. मला बाबांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना अगदी पुढच्या खडपावर उभे राहायला सांगितले. लाट त्यांच्या मागे फुटावी आणि चेहरा कॅमेऱ्यात यावा, अशी आमची योजना. “दर्याक पाठ करूची नाय,” हे मला लहानपणापासून शिकवणाऱ्या माणसाने त्या दिवशी माझ्या सांगण्यावरून दर्याला पाठ केली. पहिली लाट लहान आली. मी ओरडले, “बाबा, आणि एकदा!” दुसरी लाट त्यांच्या कमरेवरून गेली. पाय सुटला, ते खडकावर आपटले. कालवांच्या धारेने तळहात आणि गुडघा फाटला. कपार हाताला लागली म्हणून वाचले. घरी आई जखमेत हळद भरत असताना ते एवढेच म्हणाले, “माशासाठी मी थंय कधी गेलंय नाय, बाय. तुझ्यासाठी गेलंय.”

आमच्या लघुपटाला दुसरे पारितोषिक मिळाले. लाटेच्या दृश्याला टाळ्या पडल्या. मी तेवढा वेळ मान खाली घालून बसले होते.

‘मॅन ऑफ ॲरन’ कसा तयार झाला, हे मी नंतर वाचले. त्यातले आई, बाप आणि मुलगा एका कुटुंबातले नव्हतेच. ती बेटावरून निवडलेली निरनिराळी माणसे होती. भाल्याने बास्किंग शार्क मारण्याची जी थरारक शिकार त्यात आहे, ती प्रथा बेटावरून कित्येक दशकांपूर्वीच नाहीशी झाली होती. चित्रपटासाठी ती माणसांना नव्याने शिकवावी लागली. एवढे मी एक वेळ समजू शकते. पण वादळी समुद्रात होडी घालायला लावणे मला समजत नाही. फ्लाहर्टी लांब पल्ल्याची भिंगे वापरत. त्यामुळे कॅमेरा कोरड्या कड्यावर राहू शकला. होडी मात्र लाटांत होती. आपण त्या माणसांचे जीव धोक्यात घातले, याची कबुली पुढे खुद्द फ्लाहर्टींनीच दिली. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला परदेशी चित्रपटाचे पारितोषिक मिळाले. म्हणजे टाळ्या तिथेही पडल्याच.

कोणी म्हणेल, धोका दाखवला नाही तर दर्यावरच्या माणसाचे शौर्य कसे कळणार? मलाही आधी तसेच वाटत होते. पण खडपावर गरवणाऱ्या माणसाचे सारे कसब धोका टाळण्यात असते. वरच्या कातळावरचा तो अर्धा तास, ओला खडक आणि कोरडा खडक यांतला फरक, भरती लागायच्या आत गुंडाळलेली दोरी, हेच त्याचे शिक्षण. बाबा शाळेत चौथीपर्यंत गेले. हे शिक्षण मात्र त्यांनी पुरे केले आहे. आम्ही नेमके तेच कापून टाकले आणि त्यांच्या आयुष्यात कधीच न घडलेली एक चूक त्यांच्या नावावर दाखवली. ती चूक माझी होती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, जे धाडस माणूस पोटासाठी करत नाही, ते चित्रपटासाठी करायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो माणूस घरचा असेल तर मुळीच नाही. कारण परका नाही म्हणू शकतो, बापाला ते जमत नाही. आपल्या महाविद्यालयात दरवर्षी लघुपट होतात. कोणी विहीर खणणाऱ्यांवर करील, कोणी माडावर चढणाऱ्यांवर. त्या सर्व मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे की, कॅमेरा कुठे लावायचा हे आधी त्या माणसाला विचारा.

यंदा मी तो लघुपट पुन्हा करणार आहे. बाबांचा उभे राहण्याचा अर्धा तास त्यात असेल, आणि मासा लागला नाही तर रिकामी पिशवीही असेल. स्पर्धेचा विचार अजून केलेला नाही. बाबा तयार आहेत. त्यांची अट एकच, “तू पण दर्याकडे तोंड करून उभी रव.”