रस्ता वाचवायचा, तर तलावही वाचवावा लागेल

रायपूर : नागपूरहून कोलकात्याकडे जाणारा जुना महामार्ग रायपूर शहरात ‘जीई रोड’ या नावाने ओळखला जातो आणि तेलीबांधा तलावाच्या काठाने पुढे जातो. तलावाचा काठ आज ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणून लोकप्रिय आहे. राज्यस्थापनेनंतर, म्हणजे २००० पासून, राजधानीचा विस्तार वेगाने झाला. मात्र, रस्त्यावरून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचे नियोजन हा प्रश्न सुशोभीकरणाच्या तुलनेत दुय्यमच राहिला.

रायपूर परिसरात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. येथील उंचवट्यांवर ‘भाठा’ ही मुरमाड जमीन, तर सखल भागांत ‘कन्हार’ ही काळी चिकणमाती आढळते. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि तिच्यावरील रस्त्याचा पाया अस्थिर होतो. डांबरी व काँक्रीटच्या पृष्ठभागावर मुरायला वाव नसल्याने पाणी रस्त्याच्या कडेने धावते. वेग दुप्पट झाला, की पाण्याची ऊर्जा चौपट होते. असे पाणी प्रथम साइडपट्टी पोखरते, मग मोरीच्या तोंडाशी घळ पाडते आणि अखेर डांबराखालची खडी मोकळी करते.

वाहून गेलेली माती अखेर तलावात पोहोचते. गाळामुळे तलावाची साठवणक्षमता घटते. मातीच्या कणांना चिकटून आलेल्या फॉस्फरससारख्या पोषकद्रव्यांवर शेवाळ आणि जलपर्णी पोसली जाते. उथळ झालेला तलाव मोठ्या पावसात लवकर भरतो आणि पाणी पुन्हा रस्त्यावरच येते. रस्त्याची दुरुस्ती आणि तलावातील गाळ उपसणे यांवर स्वतंत्र खर्च होत असला, तरी दोन्हींचे मूळ एकाच उतारावर आहे.

याचे प्रत्यंतर नागपूरला २३ सप्टेंबर २०२३ रोजी आले. अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. सांडव्यासमोरील प्रवाहाचा मार्ग मोकळा आहे काय, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला.

उपाय अज्ञात नाहीत. भारतीय रस्ते काँग्रेसने रस्त्यांचा जलनिचरा आणि भरावाच्या उतारांची धूप यांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्या आहेत. केंद्रीय गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाची पर्जन्यजल निचऱ्याची नियमपुस्तिकाही २०१९ पासून उपलब्ध आहे. उतारावर वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत लावणे, गटारांत ठरावीक अंतरावर दगडी अडथळे बांधणे, मोरीच्या मुखाशी दगडी पिचिंग करणे आणि पाणी तलावात शिरण्यापूर्वी गाळ बसण्यासाठी लहान कुंड ठेवणे, ही कामे फार खर्चिक नाहीत. मात्र, कुंडातील गाळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी काढला गेला नाही, तर ते निरुपयोगी ठरते.

काठाला उभी काँक्रीटची भिंत बांधली, की काठ सुरक्षित दिसतो. वरून येणारा गाळ मात्र थांबत नाही. त्यासाठी रस्त्याच्या कंत्राटातच निचऱ्याची आणि धूपनियंत्रणाची तरतूद, तसेच देखभालीची निश्चित जबाबदारी असायला हवी. रस्ते आणि तलाव यांच्या यंत्रणा वेगळ्या असल्या, तरी पाणलोटाचा आराखडा एकच हवा. तो नसेल, तर पावसाळ्यानंतर खड्डे बुजवायचे आणि उन्हाळ्यात गाळ उपसायचा, हे चक्र सुरूच राहील आणि दोन्हींचा भार करदात्यांवर पडत राहील.