राहिलेली पदवी

'मरणोत्तर' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे तो शौर्यपदकांमुळे. आजवर 21 वीरांना परमवीर चक्र मिळाले, त्यांतल्या 14 जणांना मरणोत्तर. वीरमाता किंवा वीरपत्नी पुढे येऊन पदक घेते, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या आपल्याही डोळ्यांत पाणी येते. पण मरणोत्तर पदवी? शिकता शिकता जे मूल गेले, त्याची डिग्री त्याच्या आईवडिलांना मिळावी की नाही, याचा विचार आपण फारसा करत नाही.

आमच्या गल्लीतला एक मुलगा बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होता. दोन वर्षे चांगल्या मार्कांनी पास, तिसऱ्याची परीक्षा दीड महिन्यावर आलेली. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर मोटारसायकलला अपघात झाला आणि तो गेला. पुढे त्याची आई कॉलेजात गेली. तिला पैसे नको होते, नोकरी नको होती. "पोराचा काही कागद मिळेल का?" एवढेच तिने विचारले. "परीक्षाच दिली नाही, तर डिग्री कसली, माँजी?" असे उत्तर मिळाले. नियमाने ते बरोबरच असेल. पण दोन मार्कशीटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या माऊलीने पेटीत ठेवल्या आहेत, आणि दर दिवाळीला साफसफाई करताना त्या बाहेर निघतात.

हाच नियम इतरत्र थोडा वाकवलेला दिसतो. केरळची डॉ. वंदना दास ही आईवडिलांची एकुलती एक मुलगी. एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास होऊन ती इंटर्नशिप करत होती. 10 मे 2023 च्या पहाटे कोट्टारक्करा तालुका रुग्णालयात, पोलिसांनी उपचारासाठी आणलेल्या माणसाने तिला भोसकले. वर्षभराची इंटर्नशिप पुरी झाल्याशिवाय एमबीबीएसची पदवी हाती पडत नाही. तरीही केरळ आरोग्यविज्ञान विद्यापीठाने तिला ती दिली. ऑगस्ट महिन्यात राज्यपालांच्या हातून तिच्या आईवडिलांनी ती घेतली.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 16 एप्रिल 2007 रोजी झालेल्या गोळीबारात 32 जण मारले गेले. त्यांत 27 विद्यार्थी होते, आणि त्यांतली एक होती मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली मीनल पांचाळ. पुढच्याच महिन्यात पदवीदान होते. विद्यापीठाने या सगळ्या मुलांना मरणोत्तर पदव्या दिल्या. इंग्लंडमध्ये तर 'एग्रोटॅट' नावाची जुनी पदवीच आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'तो आजारी आहे'. आजारपणामुळे शेवटची परीक्षा देता आली नाही, पण आधीचे काम समाधानकारक असेल, तर ती देता येते.

कुणी म्हणेल, पदवी म्हणजे कमाई, ती दयेपोटी वाटायची नसते. बरोबर आहे. पण गेलेले मूल त्या कागदावर नोकरी मागायला येणार नाही, कुणाची जागा अडवणार नाही. आणि पदवीची किंमत फक्त नोकरीनेच ठरते का? आपल्या आनंदीबाई जोशी 11 मार्च 1886 रोजी अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूक झाली होती, पण तिथे रुजू होणे नशिबात नव्हते. तरी आजही आपण त्यांना डॉक्टर आनंदीबाईच म्हणतो, कारण त्यांनी केलेला अभ्यास खरा होता. तो मरणाने पुसला जात नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पदवी देऊन प्रश्न मिटवता कामा नये. आपल्या शेजारच्या जळगावची डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात एम.डी. करत होती. सातपुड्याच्या पायथ्याचा तडवी समाज आपल्या नित्य ओळखीचा. त्या समाजातली मुलगी एवढी शिकली याचे केवढे कौतुक! 22 मे 2019 रोजी वसतिगृहात तिने जीवन संपवले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षी तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कॉलेजांतला भेदभाव रोखणारे 2012 चे नियम कागदावरच आहेत, ते नीट अमलात आणा, हे त्यांचे मागणे. आपल्या मुलांसाठी त्यांनी कागद मागितला नाही. दुसऱ्यांच्या मुलांनी आपली पदवी जिवंतपणी घ्यावी, यासाठी त्या भांडल्या.

म्हणून मला वाटते, दोन्ही हवे. मूल का गेले याची चौकशी हवी, आणि त्याने केलेल्या अभ्यासाची नोंदही हवी. बातमी झाली तरच पदवी, असे नसावे. रस्त्यावर, तापाने किंवा किडनीच्या आजाराने गेलेल्या मुलाची बातमी कोण देतो? विद्यापीठांनी साधा नियम करावा. तीन चतुर्थांश अभ्यासक्रम पुरा झाला असेल तर 'मरणोत्तर' असे स्पष्ट छापून पदवी द्यावी. त्याहून कमी असेल तर पास झालेल्या विषयांचे सन्मानपत्र द्यावे. आईवडिलांना अर्ज घेऊन खिडकीखिडकीवर फिरवू नये, कॉलेजानेच कागद तयार करून घरी न्यावा.

आपल्या बऱ्हाणपुरात 1631 साली मुमताज वारली आणि तिच्यासाठी आग्र्याला ताजमहाल उभा राहिला. बादशहाला ते जमले. साध्या घरातल्या आईला भिंतीवर टांगायला एक फ्रेम पुरते, आणि आत पोराचे पूर्ण नाव, विषय आणि वर्ष.