दुरुस्ती हाही विज्ञानाचाच धडा



शाळेतला कॉम्प्युटर बंद पडला की आपण काय करतो? त्यावर कापड टाकतो, डेडस्टॉक रजिस्टरात 'नादुरुस्त' लिहितो आणि नवीन कधी मिळतो याची वाट बघतो. ही सवय मोडली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या विज्ञान संस्थांकडे बघा. ऑस्ट्रेलियात पॉट्स हिल इथल्या 32 छोट्या डिश वापरातून बाद झाल्या होत्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नांनी त्या भारताला मिळाल्या. 1965 मध्ये त्याच डिश आपल्या कल्याणला उभारून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सूर्याचा अभ्यास केला. म्हणजे दुसऱ्यांनी टाकलेल्या वस्तूंवर आपल्याकडे सुरुवात झाली!

पुढे जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण झाली. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. त्यांचे सिग्नल एकत्र करणारी जुनी यंत्रणा मागे पडली, तेव्हा 2010च्या सुमारास ते काम बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटरांच्या संचावर घेतलं. नंतर त्यात ग्राफिक्स कार्डंही आली. डिश मात्र त्याच राहिल्या. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे : अख्खं यंत्र म्हातारं होत नाही, त्यातला एखादा भाग होतो.

आपल्या शाळेतही तसंच असतं. कॉम्प्युटर दरवेळी चुकीची तारीख दाखवतो? बहुतेक मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. वारंवार गरम होऊन बंद पडतो? पंख्यात धूळ अडकलेली असू शकते. बोर्डवरचा कपॅसिटर फुगला असेल, तर तो काही रुपयांचा भाग कारागीर बदलून देतो. आपल्या कळमेश्वरकडे पंपाची मोटार जळाली तर शेतकरी आधी वाइंडिंगवाल्याकडे जातो. मग शाळेनेच का थांबावं?

काही जण म्हणतील, शिक्षकांना आधीच कामं कमी आहेत का? खरं आहे. आणि प्रत्येक वस्तू दुरुस्त होतेच असंही नाही. जी होत नाही ती रीतसर निर्लेखित करून ई-कचऱ्यात द्यावी. पण बघितल्याशिवाय टाकू नये. कारण बंद कॉम्प्युटरचा तोटा त्या मुलाला होतो, ज्याच्या घरी दुसरा कॉम्प्युटर नाही.

म्हणून एक सूचना. शाळा व्यवस्थापन समितीने प्रत्येक सत्रात एक 'दुरुस्ती दिवस' ठेवावा. गावात इलेक्ट्रिशियन, मोबाईल दुरुस्त करणारे पालक असतातच, त्यांना बोलवा. मुलांनी बघावं, प्रश्न विचारावेत, काय बिघडलं होतं ते वहीत लिहावं. उपकरण मात्र मोठ्यांनीच उघडायचं. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहू शकतो, हेही मुलांना त्याच वेळी समजावून सांगा.

तुमच्या शाळेतल्या कपाटात काय बंद पडून आहे? या आठवड्यात एकदा उघडून बघा.