स्वप्नाळू कोणास म्हणावे?

बोरिवलीच्या वा मुलुंडच्या एखाद्या शाळेत धडा चालू असता खिडकीबाहेर पाहत बसलेल्या मुलास शिक्षक 'स्वप्नाळू' म्हणतात आणि प्रगतिपुस्तकातील तो एक शब्द घरी चिंतेचा विषय होतो. कचेरीत कामाची नवी पद्धत सुचविणाऱ्या कारकुनाच्या वाट्यासही हाच शब्द येतो. इतक्या सहजपणे वापरल्या जाणाऱ्या या शब्दाची कुळकथा मात्र विचार करावयास लावणारी आहे.

'स्वप्न' हा शब्द 'स्वप्' म्हणजे झोपणे या संस्कृत धातूपासून झाला. अमरकोशाने त्याची गणना निद्रेच्या पर्यायांतच केली आहे. ग्रीक 'हिप्नॉस' आणि लॅटिन 'सोम्नस' हे त्याचेच भाऊबंद. त्यांचाही अर्थ झोप असाच. झोपेत दिसणारे दृश्य आणि जागेपणी बाळगलेली आकांक्षा, असा या शब्दाचा अर्थविस्तार झाला. 'आळू' हा प्रत्यय संस्कृतातील 'आलु'. पाणिनीच्या व्याकरणात दयालु, निद्रालु, श्रद्धालु ही रूपे त्यानेच सिद्ध होतात. एखादी गोष्ट अंगी स्वभावतः असणे, एवढाच त्याचा अर्थ. मराठीने याच वळणावर मायाळू आणि कष्टाळू घडविले, तसेच झोपाळू आणि विसराळूही. म्हणजे प्रत्ययात निंदा नाही आणि स्तुतीही नाही. 'स्वप्नाळू'मधील उपहास हा व्याकरणाचा नव्हे, बोलणाऱ्याचा आहे.

याच भाषेत 'स्वप्नद्रष्टा' असा दुसरा शब्द आहे. ऋषींना मंत्रद्रष्टे म्हणावयाची परंपरा असल्याने 'द्रष्टा' या पदास मोठी प्रतिष्ठा लाभली. परंतु हा बहुमान बहुधा यशानंतरच दिला जातो. आरंभी जो स्वप्नाळू ठरतो, तोच कार्य तडीस जाताच स्वप्नद्रष्टा होतो. मनुष्य तोच आणि स्वप्नही तेच. पालटते ती केवळ लोकांची दृष्टी.

उपनगरांतीलच उदाहरण पाहावे. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना मुंबईत स्वतःचे घर मिळावे, ही मागणी कोणासही स्वप्नाळू वाटावी अशीच होती. गोरेगावात पाण्यासाठी लढून 'पाणीवाली बाई' हे नाव मिळविलेल्या मृणाल गोरे, तसेच बाबुराव सामंत आणि त्यांचे सहकारी यांनी ती नागरी निवारा परिषदेच्या द्वारे लावून धरली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची अंमलबजावणी व्हावी यासाठी त्यांनी दीर्घकाळ झगडा दिला. अखेर गोरेगाव पूर्वेस दिंडोशी येथे सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. मोर्चे, अर्ज आणि सभासदांच्या काटकसरीने साठविलेल्या पैशाशिवाय ती उभी राहिली नसती, हेही विसरता येणार नाही.

मनातले मांडे खाणारे समाजात असतातच आणि त्यांना जागे करणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय. मात्र दोहोंतील भेद स्वप्नाच्या आकारावरून ठरत नाही. स्वप्नासाठी माणूस काय करावयास सिद्ध आहे, यावरून ठरतो. कष्टाळू आणि स्वप्नाळू हे एकाच प्रत्ययाचे शब्द आहेत. ते एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात. म्हणून प्रगतिपुस्तकात 'स्वप्नाळू' असा शेरा लिहिण्यापूर्वी, खिडकीबाहेर त्या मुलास काय दिसते, एवढे तरी त्यास विचारावे.