विद्युन्निद्रेची कैफियत

प्रस्तुत लेखक स्वतः मध्यरात्रीनंतरचे टोले मोजणाऱ्यांपैकी असल्यामुळे, कानाच्या पाळ्यांना दोन चिमटे लावून मस्तकातून विजेचा मंद प्रवाह जाऊ दिला की सुखाने डोळा लागतो, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू लागले म्हणजे त्यावर विश्वास ठेवण्याचा मोह त्यालाही होतो. आणि नेमक्या याच कारणासाठी या पक्षाचे साक्षीपुरावे अधिक कसोशीने तपासावेत असे त्याला वाटते.

एका खोट्या आक्षेपाचा निकाल मात्र प्रथम लावला पाहिजे. मेंदूला वीज म्हटली की मनोरुग्णालयातील 'शॉक' आठवून लोक दचकतात. परंतु त्या उपचारात सुमारे ८०० मिलिअँपिअरचा प्रवाह योजतात, तर या यंत्रांचा प्रवाह बहुधा ४ मिलिअँपिअरच्या आतच राहतो. कातडीची चुणचुण, थोडी डोकेदुखी, क्वचित भोवळ, याहून मोठा अपकार सहसा आढळत नाही. तथापि अपकार नसणे म्हणजे उपकार असणे नव्हे. बत्ताशाचेही तसेच आहे. (मधुमेह्यांनी क्षमा करावी.)

पूर्वपक्षाचा आवडता दाखला इतिहासाचा. फ्रान्समधील नांत येथे स्तेफान लेद्युक यांनी १९०२ मध्ये खंडित प्रवाहाने जनावरे निपचित पाडली, हे खरे. पण ती गुंगी होती, निद्रा नव्हे. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस रशियात गिल्यारोव्स्की प्रभृतींनी झोप म्हणजे मेंदूवर पसरणारे निरोधन (चेतनेला बसणारा आवर), या पाव्हलोव्हच्या सिद्धांताचा आधार घेऊन 'विद्युन्निद्रा' रूढ केली. तेथे रोग्याला अंधाऱ्या, निःशब्द खोलीत निजवून, पापण्यांवर आणि कानांमागे विद्युत अग्रे बांधून, मंद लयीत प्रवाह सोडीत. त्यातून तो घोरू लागला तर त्याचे श्रेय प्रवाहाचे, अंधाराचे, की एकदाचे कोणीतरी आपल्याकडे लक्ष दिल्याच्या समाधानाचे, याचा फैसला कोणी करावा? अमेरिकेत तर त्या उपचाराचे नावच बदलावे लागले, कारण पुष्कळांना त्याने झोपच येत नसे.

दुसरा दाखला सरकारी मोहोरेचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये निद्रानाश व चिंता यांसाठीची ही यंत्रे कडक वर्गातून मध्यम वर्गात उतरविली, आणि तसे करताना त्यांचा काही उपयोग मान्य केला, हे मी लपवीत नाही. परंतु ही वर्गवारी प्रामुख्याने धोक्याच्या मानाने ठरते; आणि आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्याने निद्रानाशाबाबतचा पुरावा अपुरा ठरविला होता. शिवाय २०१८ मध्येच प्रेतांवर केलेल्या मापनांत, डोक्याला लावलेल्या प्रवाहाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कातडी, मांस आणि कवटी यांतच खर्ची पडतो असे दिसले. खजिन्यातून निघालेली रक्कम रयतेपर्यंत पोहोचताना जशी झिजते, तशातलाच हा प्रकार.

मग विजेचा निद्रेशी संबंधच नाही काय? तसे म्हणणे दुराग्रहाचे होईल. जर्मनीतील ल्युबेक येथे लिसा मार्शल, यान बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १३ जणांवर जो प्रयोग केला, तो मला या संपूर्ण प्रकरणातील खरा मोलाचा ऐवज वाटतो. गाढ झोपेत मेंदूच्या ज्या संथ लहरी उठतात त्यांच्याच लयीत, म्हणजे चार सेकंदांत तीन आवर्तने या वेगाने, प्रवाह दिला असता त्या लहरी बळावल्या, आणि झोपण्यापूर्वी पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी अधिक आठवल्या. सेकंदास पाच आवर्तनांच्या प्रवाहाने मात्र त्या लहरी उलट मंदावल्या. म्हणजे जे काही घडले ते विजेने नव्हे, तिच्या तालाने. आणि मुख्य म्हणजे ती मंडळी आधीच झोपी गेली होती! अन्य प्रयोगशाळांना हा परिणाम प्रत्येक वेळी साधला नाही, तरी विचाराची ही दिशा मला ग्राह्य वाटते. आलेल्या निद्रेला वीज कदाचित साथ करील. न आलेल्या निद्रेला ती बोलावून आणते, हे सिद्ध व्हायचे आहे.

ते सिद्ध करावयाचे तर कातडीला तशीच चुणचुण देणारे, पण मेंदूपर्यंत प्रवाह न नेणारे बनावट यंत्र निम्म्या रोग्यांना द्यावे, आणि झोपेची नोंद रोग्याच्या रोजनिशीवरून नव्हे, तर मेंदूच्या आलेखावरून घ्यावी. तोवर, 'अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स' या वैद्यांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर ज्या वर्तनोपचाराची प्रथम शिफारस केली, तोच मी पुढे करीन: पाच तास झोप लागत असेल तर आठ तास अंथरुणात लोळू नये, झोप येईना तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसावे, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे. माझा हा क्रम सध्या तिसऱ्या आठवड्यात आहे, आणि टोले अजून दोनाचे तेवढे ऐकू येतात.