परदेशातला विद्यार्थी आणि त्याचा दर्जा

विद्यार्थी व्हिसा हा परक्या देशाच्या दाराशी दाखवायचा परवाना असतो. आत गेल्यावर कायदा पाहतो तो विद्यार्थ्याचा दर्जा, ज्याला परदेशी शिकणारी मुले सरसकट 'स्टेटस' म्हणतात. ज्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला ते चालू आहे का, ज्या विद्यापीठाचे नाव सांगितले तिथेच ते चालू आहे का, नोंदवलेला पत्ता खरा आहे का, हाताला काही काम असेल तर त्याची मुभा घेतली आहे का, या प्रश्नांची उत्तरे कागदाशी जुळतात तोवर दर्जा शाबूत राहतो. पासपोर्टवरच्या व्हिसाला अजून दोन वर्षे असली तरी दर्जा आज संपलेला असू शकतो. अमेरिकेत उलटेही होते. व्हिसाची मुदत उलटून गेलेली असते आणि विद्यार्थी मात्र पूर्ण कायदेशीरपणे तिथे शिकत असतो.

वर्धा जिल्ह्यात या विषयाच्या दोन्ही बाजू दिसतात, बाहेरून येणारे विद्यार्थी आणि बाहेर जाणारे विद्यार्थी. जानेवारी १९७५ मध्ये नागपूरला पहिले विश्व हिंदी संमेलन भरले. त्यात वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचा पुढाकार होता, आणि वर्ध्यात हिंदीचे आंतरराष्ट्रीय विद्यापीठ असावे ही मागणी तिथूनच पुढे आली. संसदेने कायदा करून १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन केले. चीन, थायलंड, श्रीलंका अशा देशांतून इथे हिंदी शिकायला मुले आली. त्यांच्या दृष्टीने परदेश म्हणजे वर्धा. इथल्या आंतरराष्ट्रीय वसतिगृहाला फादर कामिल बुल्के यांचे नाव आहे. बेल्जियममध्ये जन्मलेले बुल्के १९३५ मध्ये भारतात आले, अलाहाबाद विद्यापीठात त्यांनी रामकथेवरचा प्रबंध हिंदीतून लिहिला आणि पुढे ते भारताचे नागरिक झाले. आज त्याच वाटेने येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यापासून नोंदींचा हिशेब सांभाळावा लागतो.

भारताचा विद्यार्थी व्हिसा मान्यताप्राप्त संस्थेतील पक्का प्रवेश आणि खर्चाची तजवीज दाखवल्यावर मिळतो. तो त्या संस्थेशी बांधलेला असतो. अभ्यासक्रमाच्या मुदतीइतका, पण पाच वर्षांच्या आत, असा त्याचा अवधी ठरतो. तो १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. मुंबई, दिल्ली अशा शहरांत त्यासाठी केंद्र सरकारचे प्रादेशिक कार्यालय आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा पोलीस अधीक्षक हेच नोंदणी अधिकारी असतात. अर्ज आता ई-एफआरआरओ या पोर्टलवर ऑनलाइन भरला जातो. पासपोर्टचे पान, व्हिसाचे पान, फोटो, विद्यापीठाचे बोनाफाइड प्रमाणपत्र आणि राहण्याचा पुरावा त्यावर चढवावा लागतो.

या यादीतला राहण्याचा पुरावा सर्वांत त्रासाचा ठरतो. विद्यार्थी दिल्ली किंवा मुंबईला उतरतो, रेल्वेने वर्ध्याला येतो, प्रवेशाची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत अतिथिगृहात किंवा ओळखीच्या कोणाच्या खोलीवर थांबतो, मग वसतिगृहात खोली मिळते. चौदा दिवसांतले कितीतरी यातच जातात. शिवाय परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत कळवण्याची वेगळी जबाबदारी त्याला जागा देणाऱ्यावर असते. ती हॉटेलवर आहे, वसतिगृहावर आहे आणि घरमालकावरही आहे. पुण्यात वर्षानुवर्षे परदेशी विद्यार्थी राहत आले आहेत. तिथल्या अनेक घरमालकांना ही रीत ठाऊक असते. जिथे असा भाडेकरू क्वचितच येतो तिथल्या घरमालकाला ती माहीत असेलच असे नाही, आणि त्याने कळवले नाही तर पेच विद्यार्थ्यासमोर उभा राहतो.

पत्ता बदलला तर पुन्हा कळवायचे. संस्था बदलायची तर आधी परवानगी घ्यायची. पगाराची नोकरी करायची नाही. मुदतवाढ हवी असेल तर व्हिसा संपण्याआधी अर्ज करायचा. शेवटची अट पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अडचणीत टाकते. प्रबंध सादर झालेला असतो, परीक्षकांचे अहवाल यायचे असतात, मौखिकीची तारीख लागलेली नसते आणि व्हिसा संपत आलेला असतो. उशीर विद्यापीठाच्या परीक्षापद्धतीचा असतो, अर्ज मात्र विद्यार्थ्यालाच करावा लागतो. विद्यापीठाने अशा वेळी अपेक्षित तारखेसह पत्र तातडीने दिले तर मुदतवाढीची वाट सोपी होते. ते पत्र टेबलाटेबलावर फिरत राहिले तर काहीही न चुकता एखाद्या संशोधकाचा मुक्काम बेकायदा ठरू शकतो.

हे सारे नियम १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याखाली आले आहेत. १९२०चा पासपोर्ट प्रवेश कायदा, १९३९चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा, १९४६चा परदेशी नागरिक कायदा आणि २०००चा वाहतूकदार दायित्व कायदा हे चारही रद्द होऊन त्यांच्या जागी इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. मुदतीपेक्षा जास्त राहणे किंवा व्हिसाच्या अटी मोडणे यासाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. परदेशी विद्यार्थ्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देण्याचे बंधन शिक्षणसंस्थांवरही आहे. एवढ्या कडक कायद्याची गाठ पडणार असेल तर परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठात या कामासाठी एक नेमलेला, अनुभवी माणूस असलाच पाहिजे. दर सत्राला नवा कारकून आणि नवे स्पष्टीकरण ही व्यवस्था विद्यार्थ्यावर अन्याय करणारी आहे.

सेवाग्रामसारख्या ठिकाणी येणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांच्या आतला, पदवी किंवा प्रमाणपत्र न देणारा अनौपचारिक अभ्यास चालतो. स्थानिक भाषा, संगीत, हस्तकला अशा गोष्टी त्यात बसतात. विनामोबदला स्वयंसेवाही जास्तीत जास्त एक महिना करता येते. अभ्यासाला रीतसर प्रमाणपत्र आले की विद्यार्थी व्हिसा हवा. पर्यटक म्हणून येऊन रीतसर अभ्यासक्रमात नाव घालणे हा व्हिसाचा भंग आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

आता वर्ध्याहून बाहेर जाणारे विद्यार्थी. पासपोर्टसाठी नागपूर, अमेरिकेच्या व्हिसा मुलाखतीसाठी मुंबईचे वकिलात कार्यालय, हा रस्ता हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या घरांनाही आता अनोळखी नाही. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ६३ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, कोणत्याही देशापेक्षा जास्त. एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याच्या दर्जाचा खरा कागद आय-२०. तो विद्यापीठ देते आणि त्यामागची नोंद सेव्हिस या सरकारी संगणकप्रणालीत राहते. विमानतळावर प्रवेश मिळाल्यावर तयार होणाऱ्या आय-९४ नोंदीत तारखेच्या जागी 'डी/एस' अशी अक्षरे असतात. दर्जा टिकेल तोवर राहता येईल, असा त्याचा अर्थ. ही पद्धत बदलून जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक मुदत घालावी, असा प्रस्ताव अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला.

सेव्हिसमधली नोंद सांभाळणारा विद्यापीठातला अधिकारी म्हणजे डीएसओ. विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्या संपूर्ण देशात इतका महत्त्वाचा दुसरा माणूस नाही. वर्गात मन लागत नाही म्हणून एक विषय सोडणे ही भारतात किरकोळ गोष्ट आहे. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्याने सत्राला किमान १२ क्रेडिट घेतलेच पाहिजेत. पदव्युत्तर पातळीवर हा आकडा विद्यापीठ ठरवते, तो बहुधा ९ असतो. या किमान भारात एका सत्रात ऑनलाइन शिकलेला एकच विषय धरला जातो. आजारपणामुळे भार कमी करता येतो, पण डॉक्टरचे पत्र घेऊन आधी डीएसओची मंजुरी मिळवली तरच. आधी विषय सोडला आणि मग पत्र आणले तर तोवर दर्जा गेलेला असतो. घर बदलले तर दहा दिवसांत कळवायचे. सुटीत भारतात यायचे तर आय-२०च्या दुसऱ्या पानावर डीएसओची प्रवासासाठीची सही असावी लागते. ती एक वर्ष चालते, शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याच्या मुभेवर, असलेल्याची सहाच महिने. सलग पाच महिन्यांपेक्षा जास्त काळ शिक्षण सोडून देशाबाहेर राहिले तर बहुतेकदा जुना दर्जा उरत नाही.

कामाच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज असतात. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत विद्यापीठाच्या आवारात काम करता येते. आवाराबाहेरचे कोणतेही काम आधी मंजूर व्हावे लागते. ओळखीच्याच्या पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात रोखीने केलेले काम बेकायदा असते, आणि ते उघडकीला आले की 'सगळेच करतात' हे उत्तर उपयोगी पडत नाही. शिक्षणानंतरच्या ओपीटीत १२ महिने काम करता येते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना आणखी २४ महिने. पहिल्या टप्प्यात बेरोजगारीचे दिवस ९०च्या वर गेले तर दर्जा धोक्यात येतो.

पैशाचा दर्जाशी असलेला संबंध घरी फारसा कुणी बोलून दाखवत नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातींचे विद्यार्थी नामांकित विद्यापीठांत जातात. इतर काही विद्यार्थी बँकेच्या कर्जावर जातात. शिष्यवृत्तीचा किंवा कर्जाचा हप्ता उशिरा पोचला की विद्यापीठ फीची थकबाकी लावते, पुढच्या सत्राची नोंदणी रोखते, नोंदणी नाही म्हणून क्रेडिट नाहीत, आणि क्रेडिट नाहीत म्हणून दर्जा नाही. मंत्रालयातल्या फायलीवरचा महिनाभराचा विलंब असा परदेशातल्या विद्यार्थ्याच्या कायदेशीर मुक्कामावर येऊन आदळतो. शिष्यवृत्तीचे हप्ते विद्यापीठाच्या फीच्या तारखांना बांधून द्यायला हवेत. शासनाला हे अवघड नाही, आणि गरिबाघरच्या विद्यार्थ्याजवळ मधल्या काळात उसने काढायला दुसरी जागा नसते.

दलालांच्या हाती सापडणे हा आणखी मोठा धोका. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर २०११ मध्ये कारवाई झाली, तेव्हा तिथे नाव घातलेल्यांत भारतीय विद्यार्थी, विशेषतः तेलुगू भाषक, मोठ्या संख्येने होते. २०१९ मध्ये मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ हा सरकारी तपासयंत्रणेनेच रचलेला सापळा निघाला. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, फक्त कागदावरचा दर्जा. पहिल्या कारवाईत ताब्यात घेतलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते.

इतर देशांत आकडे बदलतात, तत्त्व तेच राहते. ब्रिटनमध्ये पदवी पातळीच्या विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला २० तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास काम करता येते. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मुभा आहे. कॅनडात आता महाविद्यालय बदलायचे तर नवा अभ्यास-परवाना लागतो.

सगळे नियम पाळूनही दर्जा जाऊ शकतो, हेही सांगितले पाहिजे. सेवाग्राम आश्रमात एक जपानी बौद्ध भिक्षू राहत होता. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले आणि सरकारने त्याला आश्रमातून नेले. जुलै १९४२ मध्ये जपानी जनतेला उद्देशून लिहिलेल्या लेखात गांधीजींनी त्याच्या कर्तव्यनिष्ठेची आणि शांत स्वभावाची आठवण काढली. तो मागे ठेवून गेलेल्या छोट्या डफाच्या तालावर आश्रमाची प्रार्थना सुरू होत असे. त्याच्या वागण्यात खोट नव्हती, फक्त दोन सरकारांचे नाते बदलले होते. जुलै २०२० मध्ये करोनाच्या काळात, ज्यांचे सर्व वर्ग ऑनलाइन आहेत त्यांनी देश सोडावा असा फतवा अमेरिकेने काढला. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेल्यावर आठवडाभरात तो मागे घेतला गेला. २०२५ च्या वसंतात हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद झाल्या. त्यांत वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्यांपलीकडे काहीच नसलेले विद्यार्थीही होते. न्यायालयांनी ठिकठिकाणी स्थगिती दिल्यावर एप्रिलच्या अखेरीस सरकारने नोंदी पूर्ववत करायला सुरुवात केली. या दोन्ही वेळी विद्यापीठे आणि वकील उभे राहिले म्हणून मुले टिकली. अशा वेळी विद्यार्थ्याजवळ प्रत्येक जुना आय-२०, फीच्या पावत्या, गुणपत्रिका आणि डीएसओशी झालेला पत्रव्यवहार असणे फार उपयोगी पडते.

दर्जा गेल्यावर तो परत मिळवण्याचीही सोय कायद्यात आहे. अमेरिकेत पाच महिन्यांच्या आत पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो. चूक विद्यार्थ्याच्या हाताबाहेरच्या कारणाने झाली, त्याने बेकायदा काम केले नाही आणि तो पूर्ण भाराने शिकत आहे किंवा लगेच शिकणार आहे, हे त्यात पटवून द्यावे लागते. दुसरा मार्ग देश सोडून नव्या आय-२०वर परत येण्याचा. त्यात नवी सेव्हिस फी आणि व्हिसाची मुदत संपली असल्यास पुन्हा मुंबईची मुलाखत, हे सारे येते. भारतात उशिरा नोंदणी किंवा मुदत उलटलेला मुक्काम असेल तर नोंदणी अधिकाऱ्याकडे कारणांसह अर्ज आणि दंड भरून तो नियमित करून घेता येतो. ते शक्य नसेल तर देश सोडण्यासाठी निर्गमन परवाना घ्यावा लागतो. कोणताही मार्ग असो, अर्ज जितक्या लवकर आणि खरे कारण सांगून केला जाईल तितका तो मान्य होण्याची शक्यता वाढते.