मुलाचे आसन आणि कायद्यातील ‘किंवा’

मोटारीत मुलाला बसविण्यासाठी जे उंच आसन ठेवतात, ज्याला सर्वत्र ‘बूस्टर सीट’ म्हणतात, ते गाडीला जखडून टाकावे की नुसते सीटवर ठेवले तरी भागते, हा प्रश्न समाजवादी साप्ताहिकाच्या पानावर यावा याचे अनेकांना नवल वाटेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे साडेसात टक्के कुटुंबांकडेच मोटार आहे. मूठभरांच्या मुलांसाठी आपण शाई का खर्च करावी, असा आक्षेप येणारच. आक्षेप रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर देण्यापूर्वी मूळ प्रश्नाचा निकाल लावणे बरे. कारण त्यातूनच पुढचे सारे निघते.

मोटारीतील पट्टा प्रौढ देहाच्या मापाने बेतलेला असतो. त्याचा वरचा भाग खांद्यावरून व छातीवरून, खालचा भाग कमरेच्या हाडांवरून जावा, अशी त्याची रचना आहे. साधारण १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तोच पट्टा लावला, तर वर तो गळ्याला घासतो आणि खाली पोटावर सरकतो. धडकेच्या क्षणी आवळणारा पट्टा हाडांऐवजी आतड्यांवर दाब देतो. बूस्टर मुलाला फक्त उचलून पट्ट्याच्या योग्य रेषेत आणते. धरून ठेवण्याचे काम पट्टाच करतो. म्हणून ‘न जखडले तरी चालते’ हे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु ते अर्धेच खरे आहे. मूल उतरून गेले आणि आसन तसेच मोकळे राहिले, तर ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळताच ते आसन त्याच वेगाने पुढच्यांच्या मानेवर येते. मूल बसलेले असतानाही आसन घसरले की पट्ट्याची रेष चुकते. तेव्हा गाडीत ‘आयसोफिक्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोलादी कड्या असतील आणि आसन करणाऱ्याच्या सूचनापत्रात अनुमती असेल, तर ते जखडावेच. कड्या नसतील तर रिकाम्या आसनालाही पट्टा लावावा किंवा ते डिकीत टाकावे. ज्याला स्वतःचेच पट्टे असतात अशा तान्ह्या मुलांच्या आसनाबाबत तर पर्यायच नाही. तेथे मुलाला आसन धरते आणि आसनाला गाडी.

आपल्याकडे याहून प्रिय असलेली जागा म्हणजे पुढच्या सीटवर बसलेल्या आईची मांडी. मायेच्या मिठीवर आपला फार विश्वास. दहा किलोचे मूल अशा धडकेत काही क्षण शंभराहून अधिक किलोंच्या भाराने पुढे खेचले जाते; ती मिठी कोणत्याही आईला टिकविता येणार नाही, मग तिची माया कितीही असो.

आता या कड्या आणि हे पट्टे गाडीत आले कसे, ते पाहावे. १९५९ साली व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन या अभियंत्याने तीन ठिकाणी अडकणारा पट्टा तयार केला आणि कंपनीने तो इतर कारखानदारांनाही खुला ठेवला. भांडवलशाहीच्या खात्यावर ही एक नोंद जमेच्या बाजूस करावयास हरकत नाही. परंतु नियम अशा औदार्याने बनत नसतो. अमेरिकी मोटार कारखानदार सुरक्षिततेवर खर्च करण्यास कसे नाखूष होते, हे राल्फ नेडर यांना १९६५ साली पुस्तक लिहून सांगावे लागले. मुलांच्या आसनांसाठीच्या कड्या अमेरिकेतील नव्या मोटारींत सप्टेंबर २००२ पासून सार्वत्रिक झाल्या, त्या सरकारने सक्ती केली म्हणून. मुलाची सुरक्षितता ही पालकाच्या शहाणपणावर सोडण्याची बाब नव्हे, ती कारखान्यातच गाडीत बसविण्याची वस्तू आहे, हे तत्त्व तेथे कायद्याने मान्य करविले.

आपल्या कायद्याने काय केले? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षा-पट्टा किंवा बाल-सुरक्षा आसन यांनी बांधले नसेल, तर एक हजार रुपये दंड. त्या ‘किंवा’ने सारा घात केला आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या पोटावरून प्रौढांचा पट्टा नेला की कायद्याचे समाधान होते. शिवाय दंड कोणाला? वाहन चालविणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला. टॅक्सीत मूल घेऊन कुटुंब बसते, तेव्हा रस्त्यावर अडविला जातो तो चालक. मुंबईचा टॅक्सीवाला डिकीत चार वयांची चार आसने घेऊन फिरेल अशी अपेक्षा आहे काय? अ‍ॅपवरून त्याला राबविणारी कंपनी या प्रसंगी कोठेच दिसत नाही.

येथेच आक्षेपाचे उत्तर मिळते. त्याच पाहणीत जवळपास निम्म्या कुटुंबांकडे दुचाकी आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली; त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघरजवळ चारोटी येथे मागच्या सीटवर बसलेले सायरस मिस्त्री अपघातात गेले, आणि मागच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली. ती व्हायलाच हवी होती. उरलेल्यांची तितकी झाली नाही, एवढेच म्हणावयाचे. चार वर्षांखालील मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी अधिसूचना निघाली : मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा, डोक्याला शिरस्त्राण, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. मोटारीतील मूल गाडीला बांधावयाचे. दुचाकीवरचे मूल बापाच्या पाठीला. बाप पडला की तेही पडणार. आणि आपल्या गावात किती दुकानांत हा पट्टा मिळतो, याची चौकशी वाचकांनीच करून पाहावी. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसलेल्या मुलासाठी तर बांधण्याची जागाच कोणी योजलेली नाही.

म्हणून मोटारवाल्यांच्या मुलांचा प्रश्न बाजूला सारण्यात काही पुरोगामीपण नाही. त्यांच्यासाठी जे तत्त्व मान्य होईल, तेच इतरांसाठी मागता येईल. दुचाकी विकताना कारखानदाराने शिरस्त्राण पुरविले पाहिजे, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेच. तिचाच विस्तार करावा. मोटारीबरोबर मुलाचे आसन आणि दुचाकीबरोबर मुलाचा पट्टा व लहान शिरस्त्राण, खरेदीदाराने मागताच, वेगळी किंमत न लावता मिळावे. टॅक्सीतील आसनाची जबाबदारी प्रवासाचे भाडे ठरविणाऱ्या कंपनीवर टाकावी आणि दंडही तिलाच व्हावा. मुकादमाला मजुरांची ने-आण ट्रॉलीतून करू न देता साखर कारखान्याने त्यासाठी बसगाडी द्यावी. आणि कलम १९४ब मधील ‘किंवा’ काढून तेथे मुलाची उंची लिहावी.